गराज चाळीस अंशांवर, बिअर विसावर

घरच्या बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरलं, तर दोष बहुधा मॉल्टचा नसतो, उकाड्याचा असतो. नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २१ अंश सेल्सिअस मानवतं. टेक्सास-अ‍ॅरिझोनातलं गराज जुलैत चाळिशी गाठतं. त्यात साखर खाताना यीस्ट स्वतःही तापतं, त्यामुळे पिंपातलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश चढंच असतं. खरी काळजी पहिल्या तीन-चार दिवसांची. चव बिघडते ती तेव्हाच.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्याचा टब, पिंपाला ओला टी-शर्ट आणि समोर पंखा. खर्च २५-३० डॉलर. पण हा माठाचाच प्रकार: नागपुरात गार, मुंबईत कोमट. फिनिक्सच्या कोरड्या जूनमध्ये चालतो, ह्यूस्टनच्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो. तिथे पिंप एसीच्या खोलीत आणा आणि टबात बर्फाच्या बाटल्या सोडा. एक किलो बर्फ वितळताना १९ लिटर पाणी साधारण चार अंशांनी उतरवतो, पण टबातलं पाणीही त्यात वाटेकरी असतं. बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्या लागतात. वर्षातून दोनदाच बिअर करणाऱ्याने याहून जास्त खर्च करू नये.

महिन्याला एक पिंप लावणाऱ्याने सरळ जुना चेस्ट फ्रीझर घ्यावा. सात घनफुटांचा, चालू स्थितीतला, ८० ते १५० डॉलरपर्यंत मिळतो. घ्यायला जाताना टेप न्या: आत एका बाजूला काँप्रेसरचा उंचवटा असतो आणि एअरलॉकसकट पिंपाची उंची झाकणाला भिडते. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट इतक्या वरच्या तापमानाला थांबत नाही, म्हणून बाहेरचा कंट्रोलर हवाच. तो ३५-४० डॉलरला पडतो. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. बिअरच्या पातळीखाली पिंपाला चिकटवा आणि वरून बबल रॅपची दुहेरी घडी पट्टीने आवळा. नाहीतर हवा वीस अंश दाखवते आणि आत बिअर चोवीसवर असते. काँप्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून विलंब पाच मिनिटांचा ठेवा. वीज दिवसाला एक युनिट धरली तरी १५ सेंट दराने महिन्याला साडेचार डॉलर. आत दमट होऊन बुरशी धरते, तेव्हा ओल शोषणारा डबा ठेवा.

काँप्रेसर नसलेलं थर्मोइलेक्ट्रिक वाइन कपाट स्वस्त दिसतं, पण गराजच्या उकाड्यात ते हात टेकतं. ग्लायकॉल चिलर उत्तम, पण हजार डॉलरच्या आसपास. एका पिंपासाठी ती हौसच.

थंड करायचंच नसेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट आहे. पाकीट पाच-दहा डॉलरचं, आणि त्याला ३० ते ४० अंशच आवडतात. बिअरला संत्र्याची झाक येते. लागर हवी असेल तर उपयोग नाही.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करता येते. विकता मात्र येत नाही. सुट्टीत पुण्याला हा प्रयोग नको: महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.