पहिली रायफल निवडताना

सुट्टीत घरी गेले की नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "काय गं, खरी बंदूक चालवायला देतात का?" देतात, असं मी सांगते. पण पहिली रायफल कशी निवडायची हे कोणी विचारत नाही, आणि मला सांगायचं असतं तेच. या वर्षी सहावी-सातवीतल्या बऱ्याच मुलींनी शूटिंग टीमसाठी नाव दिलं आहे. त्यातल्या मराठी वाचणाऱ्या चौघीच असल्या, तरी हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या पालकांनीही वाचावा.

२०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुलींना सहावीत प्रवेश मिळू लागला. आम्ही त्याच पहिल्या तुकडीतल्या. आम्ही आलो तेव्हा रेंजवरचं सगळं सामान मोठ्या मुलांच्या मापाचं होतं. त्यात कोणाचा दोष नव्हता, पण मला त्याचा त्रास झाला. आठवीत पहिल्यांदा १० मीटरची एअर रायफल उभ्याने धरली, तेव्हा पाच छर्ऱ्यांचा ग्रुप चहाच्या बशीएवढा पडला. शेजारच्या लेनमधला कॅडेट म्हणाला, "मुलींना ती जडच पडते." मला ते पटलं. हाताची ताकद वाढवायला दोन महिने रोज जास्तीचे पुशअप मारले. पुशअप वाढले, ग्रुप मात्र बशीएवढाच राहिला. टीममधून नाव काढायचा अर्जही लिहून ठेवला होता.

नववीत नवे कोच सर आले. त्यांनी मला टार्गेटकडे बघूच दिलं नाही. ते बाजूला उभे राहून माझ्या मानेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वजन नही, लंबाई गलत है।" बट माझ्यासाठी लांब होता. ट्रिगरपर्यंत बोट पोहोचावं म्हणून मी खांदा मागे ओढत होते आणि साइटजवळ डोळा नेण्यासाठी मान पुढे ताणत होते. त्यामुळे डोळा आणि मागची साइट यांतलं अंतर प्रत्येक शॉटला बदलत होतं. सरांनी बटमधल्या दोन चकत्या काढल्या आणि गालाखालचा चीकपीस थोडा वर घेतला. त्या आठवड्यातच ग्रुप दहा रुपयांच्या नाण्यात मावू लागला. पुशअप तेवढेच होते. अर्ज फाडून टाकला.

म्हणून पहिली गोष्ट लांबीची. जुनी सोपी रीत अशी : कोपर काटकोनात वाकवायचं, बटचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि तर्जनीचं पेर ट्रिगरवर सहज येतं का ते पाहायचं. हा नुसता अंदाज आहे. खरं माप शूटिंग जॅकेट घालूनच घ्यावं, कारण जाड कॅनव्हासमुळे खांद्यापाशी बट आणखी लांब वाटतो. जॅकेटही आपल्याच मापाचं हवं. मुलांचं जॅकेट छातीला घट्ट आणि कमरेला भलतीकडेच दुमडतं. (केसांचा अंबाडा कॉलरला अडकतो. तो वर बांधा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.)

वजनाचा मुद्दा खोटा आहे असं नाही. नियमाप्रमाणे एअर रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोची चालते. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांइतकेच ६० शॉट मारावे लागतात, त्याआधी ४० होते. वेळ ७५ मिनिटं. साडेचार किलोची रायफल साठ वेळा उचलली तर बेरीज २७० किलो होते. पण शॉट मारताना हे वजन दंडावर घ्यायचंच नसतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचा भार हाडाहाडांतून सरळ पायात उतरतो. कमरेचा हा आधार आम्हा बऱ्याच मुलींना लवकर सापडतो, असं सर म्हणतात. आमच्या टीममध्ये तरी ते खरं ठरलं. तरीही सुरुवातीला हलकी रायफल घ्यावी. वजन नंतर वाढवता येतं, जड रायफल हलकी करणं अवघड.

दुसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही तळहातांमध्ये छोटं भोक ठेवून त्यातून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. मी उजव्या हाताने लिहिते, पण माझा मुख्य डोळा डावा निघाला. अशा वेळी डाव्या खांद्यावरून शिकायचं, की डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजव्यावर चालवायचं, हे विकत घेण्याआधी ठरवावं. डावखुऱ्यांचं ग्रिप वेगळं असतं. मी पट्टी निवडली.

रायफल की पिस्तूल, हाही प्रश्न येतोच. एअर पिस्तूल दीड किलोच्या आत असतं, पण ते एका हाताने, कशाचाही आधार न घेता धरायचं. त्याचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. रायफलच्या ट्रिगरला अशी अट नाही. राही सरनोबत कोल्हापूरची म्हणून मला आधी पिस्तूलच हवं होतं. पण तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच आणि २०१० मध्ये म्युनिकला ती रायफलमध्येच विश्वविजेती झाली. तेव्हा गावावरून काही ठरत नाही. महिनाभर दोन्ही चालवून बघा.

आता पैशांचं. परदेशी बनावटीच्या मॅच रायफलची किंमत लाखांत जाते, म्हणून बरेच जण जुनी घेतात. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात मामाच्या ओळखीने एक जुनी रायफल बघायला गेलो. पप्पा फौजेत हवालदार आहेत. त्यांनी रायफल उचलली, खांद्याला लावली आणि खूश झाले. मी लावली तर बट लांब. सगळ्या चकत्या काढल्या तरी लांबच.

"पप्पा, ही मला होत नाही."

"अगं, दोन वर्षांत होईल. बूट नाही का एक नंबर मोठे घेत?"

"बूट मोठे असले तर मोजे घालता येतात, पप्पा. यात मान वाकडी होते."

"आम्हाला कुणी मापं घेऊन रायफल दिली नव्हती."

मालक समोर बसले होते. पप्पांनी या पैशांसाठी काय काय पुढे ढकललं होतं हे मला माहीत होतं, त्यामुळे पुढे बोलवेना. मग मी हवेचं सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख पाहिली. सरांनी ते शिकवलं होतं : या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा असते आणि कंपन्या ते तयार झाल्यापासून दहा वर्षांपर्यंतच वापरायला सांगतात. हे बारा वर्षांचं होतं. मी पप्पांना तारीख दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, रायफल जपून खाली ठेवली आणि मालकांना म्हणाले, "पोरीला विचारूनच घ्यायला पाहिजे."

आम्ही रायफल घेतली नाही. त्याऐवजी माझ्या मापाचं जॅकेट शिवून घेतलं आणि उरलेले पैसे पप्पांनी परत बँकेत ठेवले. मी अजून शाळेचीच रायफल वापरते. माझ्या मापाच्या चकत्यांची संख्या, चीकपीसची उंची आणि साइटचे क्लिक वहीत लिहिलेले आहेत. दर वेळी आधीच्या कॅडेटची सेटिंग बदलायला चार मिनिटं लागतात. सातवीतल्या मुलींनो, रेंजवर याल तेव्हा तुमचीही वही आणा. टेप माझ्याकडे आहे.