पंखांवरून ओळख

कापसाच्या पानामागे केसासारख्या बारीक देठांवर पांढरे कण डोलताना दिसले, की आमच्या घरी ‘रोग पडला’ म्हणत आणि फवारणीचा पंप बाहेर निघे. ती एका उपकारक कीटकाची अंडी असतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलेले शेतापर्यंत पोचवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

हा कीटक जालपंखी गणातला. कृषी खात्याच्या बोलण्यात तो ‘क्रायसोपा’. रात्री दिव्यावर येतो. त्याला पंखांवरून ओळखावे. साधे भिंग पुरे.

पहिली खूण : चारही पंख पारदर्शक व जवळजवळ सारखे असून बसताना तो ते छपरासारखे उतरते ठेवतो. पांढऱ्या माशीच्या पंखांवर पूड असते, याच्या पंखांवर नसते.

दुसरी खूण : पंखांच्या शिरा हिरव्या असतात. पुढच्या कडेजवळच्या आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या साध्या असतात. याच्या तपकिरी भाऊबंदांत त्यांतल्या बहुतेक शिरांना टोकाशी फाटे फुटतात.

तिसरी खूण : पंखाच्या टोकाकडे आडव्या शिरांच्या दोन रांगा टप्प्याटप्प्याने चढत जातात. वालूरची चक्राकार बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या पायऱ्या आठवतील.

मात्र पंख सगळेच सांगत नाहीत. आपल्याकडच्या या कीटकाला पूर्वी ‘क्रायसोपर्ला कार्निया’ म्हणत. पण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. जोडीदाराला बोलावताना हे कीटक पोट हलवून पानातून कंप पाठवतात, आणि प्रत्येक जातीची लय निराळी असते. त्या लयीच्या आधारे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आपल्याकडच्या जातीचे नाव ‘क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी’ असे ठरले.

एवढे लांब नाव शेतकऱ्याला पाठ नसले तरी चालेल. याची अळी मावा आणि पांढऱ्या माशीची पिल्ले खाते, हे ठाऊक असले म्हणजे झाले. सरसकट फवारणीत शत्रूबरोबर हा राखणदारही मरतो, आणि औषधाचा खर्च पुन्हा आपल्याच माथी येतो.

तेव्हा वाचकहो, पंप भरण्याआधी पान उलटून पाहा. यंदा आबांनी पंपाआधी माझे भिंग मागितले. मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा त्याचा आनंद अधिक झाला.