कोरड्या जमिनींतील भाजीचा पहिला वाफा

अहिल्यानगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत वर्षाकाठीं साधारणपणें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो. अशा ठिकाणीं घरची भाजी होणारच नाहीं असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. मात्र ती भाजी पाण्याच्या विपुलतेनें होत नाहीं. आधीं केलेल्या तयारीनें होते. ती तयारी कशी करावी हें आजच्या पाठांत क्रमानें पाहूं.

१. आधीं पाणी मोजावें, मग जमीन. आरंभीं आमचीच चूक सांगतों. पहिल्या वर्षीं आम्हीं मोठ्या उत्साहानें घरामागील पाव गुंठा जमीन खणली. पावसाळ्यांत सर्व हिरवेंगार झालें. परंतु माघ महिन्यांत विहिरीचें पाणी खालीं गेलें, आणि घरांतील स्त्रियांस दूरवरून घागरी वाहाव्या लागल्या. पंधरा दिवसांत निम्मीं रोपें वाळलीं, आणि वाहणाऱ्यांच्या माना व कमरा दुखूं लागल्या त्या निराळ्याच. वाफा किती मोठा करावा हें आम्हीं ठरविलें होतें. पाणी वाहणारीस मात्र आम्हीं विचारलें नव्हतें.

म्हणून हा हिशेब ध्यानांत ठेवावा. भाजीच्या एका चौरस मीटर जागेस हिवाळ्यांत रोज सुमारें ३ ते ४ लिटर, व कडक उन्हाळ्यांत ५ ते ६ लिटर पाणी लागतें. १० फूट लांब व १० फूट रुंद वाफा म्हणजे सुमारें ९ चौरस मीटर. घागर १२ लिटरची धरली, तर ह्या वाफ्यास हिवाळ्यांत रोज ३ व उन्हाळ्यांत ४ ते ५ घागरी पाहिजेत. आमच्या पाव गुंठ्यास हिवाळ्यांतच ७ ते ८ घागरी लागत होत्या! ज्या घरीं तीन घागरीही सुखानें येत नाहींत, तेथें वाफा निम्मा करावा. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

२. जमीन उन्हाळ्यांत खणावी. चैत्र-वैशाखांत एक फूट खोल खणून दगड काढावे. हराळी, कुंदा व लव्हाळा ह्यांच्या मुळ्या व गाठी हातानें वेंचून उन्हांत वाळवाव्या; हराळीचा तुटका तुकडा राहिला तरी तो पुन्हां फुटतो. नंतर १० फुटांच्या वाफ्यास चांगलें कुजलेलें शेणखत दोन पाट्या, म्हणजे सुमारें ४० किलो, वरच्या सहा इंच मातींत मिसळावें. हलक्या जमिनींत खत ओल धरून ठेवतें, व भारी जमिनींत माती मोकळी करतें. ताजें शेण घालूं नये. त्यानें हुमणीचा उपद्रव वाढतो. शेण थोडें असेल तर पालापाचोळा, धसकटें, शेण व माती खड्ड्यांत थराथरानें घालून कुजवावीं, ओलीं ठेवावीं व मधून मधून खालवर करावीं. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं इंदूर येथें अशाच रीतीचा अभ्यास करून ती १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. चुलीची राख काळ्या, चुनखडीच्या जमिनींत फार टाकूं नये. ती जमीन मूळचीच क्षाराकडे झुकलेली असते.

३. वाफा खोलगट करावा. हलक्या, मुरमाड जमिनींत वाफा वाटेपेक्षां तीन-चार बोटें खोल ठेवून भोंवतीं वरंबा घालावा, म्हणजे पडलेलें पाणी आंतच मुरतें. भारी काळ्या जमिनींत मात्र पाणी सांचून मुळें कुजतात. तेथें सरी-वरंबे करून वरंब्याच्या बगलेस लावणी करावी.

४. वाफशावर पेरावें. पहिली सर येतांच घाई करूं नये. चांगला पाऊस झाल्यावर मूठभर माती दाबावी. गोळा झालाच नाहीं तर ओल अपुरी आहे. हातास चिखल लागला तर थांबावें. गोळा होऊन, खालीं टाकतांच फुटला, तर वाफसा आला असें समजावें. पहिल्या वर्षीं गवार व चवळी घ्यावी. दोन्ही थोड्या ओलीवर तग धरतात. गवारीच्या दोन ओळींत दीड ते दोन फूट व दोन दाण्यांत सहा ते आठ इंच अंतर ठेवावें. भेंडीचें बीं रात्रभर भिजवून टोकावें. वांगी व मिरची ह्यांचीं रोपें आधीं गादीवाफ्यावर करून, चार ते सहा आठवड्यांचीं झाल्यावर सायंकाळीं लावावीं, म्हणजे रात्रीच्या गारव्यांत तीं सांवरतात.

५. ओल झांकून ठेवावी. रोपें वीतभर झालीं कीं वाळलेलें गवत किंवा उंसाचें पाचट दोन-तीन बोटें जाड पसरावें; खोडास तें चिकटूं देऊं नये. उघड्या मातींतून जें पाणी वाफ होऊन जातें, तें ह्यानें पुष्कळ वांचतें. रोज वरवर शिंपडण्यापेक्षां, मुळें धरल्यावर, दोन-तीन दिवसांचें पाणी एकदम मुळाशीं द्यावें. त्यानें मुळें खोल जातात. दोडका व दुध्या ह्यांच्या वेलांमध्यें बिनझिलईचें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें. पाणी हळूहळू पाझरून मुळांस मिळतें. मडक्याचें तोंड झांकावें, नाहीं तर डांस होतात. भांडीं विसळलेलें पाणी वाफ्यास चालतें, साबण-सोड्याचें नको.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं वाफा १० फुटांचाच केला, आणि तोही घरांतील स्त्रियांस विचारून. माघांत विहीर पूर्वींसारखीच खालीं गेली, परंतु त्या वर्षीं रोपें वाळलीं नाहींत, आणि कोणाची मानही दुखली नाहीं. जमीन तीच होती व पाऊसही तेवढाच होता.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: १. आपल्या घरीं रोज किती घागरी पाणी येतें, व तें कोण आणतें? २. तेवढ्या पाण्यावर किती फुटांचा वाफा जगेल? ३. आपली जमीन हलकी कीं भारी, व तींत वाफा कसा बांधावा?