एच.आय.व्ही. : औषध फुकट, मग अडचण कुठे?

या सदराच्या पत्त्यावर गेल्या महिन्यात एक पत्र आले. खाली सही नव्हती, गावाचे नावही नव्हते. लिहिणाऱ्याने विचारले होते, "एच.आय.व्ही.ची औषधे सरकार फुकट देते. ती घेतल्यावर माणूस चांगला जगतो, असे तुम्ही डॉक्टर लोकच सांगता. मग अजून माणसे का दगावतात?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे सगळे उत्तर औषधांच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून आजचा लेख त्यावरच लिहितो.

आधी थोडी उजळणी करू. एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. या विषाणूने शरीराची प्रतिकारशक्ती पोखरून टाकल्यानंतरची अवस्था म्हणजे एड्स. आपल्याकडे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, ते बरोबर नाही. अंगात विषाणू असलेल्या माणसाने वेळेवर औषध सुरू केले आणि ते नीट चालू ठेवले, तर त्याला एड्स कधी होणारही नाही. लागण होण्याच्या वाटा मोजक्या आहेत : निरोध न वापरता बाधित व्यक्तीशी आलेला शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्यासाठी वापरलेली सुई, आणि बाधित आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, डास चावल्याने किंवा आजाऱ्याची सेवा करताना हात लागल्याने ती होत नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही, आणि तरी दर खेपेला लिहावेच लागते.

आपल्या देशात ही लागण पहिल्यांदा उघडकीस आली ती १९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत. ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यानंतर बरीच वर्षे आम्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९९६ च्या सुमारास परदेशात तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार यशस्वी झाला, पण त्याची किंमत ऐकूनच माणसे परत फिरत. २००१ साली आपल्याच सिप्ला कंपनीने गरीब देशांसाठी हा उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी खर्चात देऊ केला आणि चित्र पालटू लागले. १ एप्रिल २००४ पासून काही सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळू लागली. सुरुवातीला रक्तातील सीडी-४ पेशी बऱ्याच खाली आल्याशिवाय औषध सुरू करत नसत. २०१७ पासून मात्र पेशी कितीही असोत, निदान झाले की औषध सुरू करायचे असे धोरण आहे. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. त्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधे असतात.

या गोळीची ताकद केवढी आहे ते पाहा. जोडीदारांपैकी एक बाधित आणि दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात पुण्याची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. त्याचा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. लवकर औषध सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. पुढच्या अभ्यासांतून आणखी स्पष्ट झाले, की औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीला सापडेनासा झाला आहे आणि तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे एकाने रोज गोळी घेतली की दोघांचे रक्षण होते. उपचार आणि प्रतिबंध ही दोन वेगळी खाती आता उरलेली नाहीत.

'रोज' या शब्दातली मेख

आता अडचणीकडे येऊ. ही गोळी रोज घ्यायची असते, आणि जन्मभर घ्यायची असते. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकली तर पुन्हा सुरू करता येते. या औषधात वारंवार खंड पडला तर विषाणू डोके वर काढतो, आणि कधी कधी औषधालाच दाद देईनासा होतो. मग वरच्या पायरीची औषधे द्यावी लागतात. रोजची गोळी घेणे ऐकायला सोपे वाटते. पण ती घरात सगळ्यांपासून लपवून घ्यायची असेल तर?

माझ्याकडे येणारी एक बाई गोळ्यांची बाटली ज्वारीच्या कणगीत ठेवते. बाटली हलली की गोळ्या वाजतात, म्हणून तिने आत कापूस कोंबला आहे. घरी पाहुणे आले की ती बाटली चार-चार दिवस बाहेर निघत नाही. दुसरा एक गृहस्थ आपल्या तालुक्याला केंद्र असूनही दोन एस.ट्या बदलून शेजारच्या जिल्ह्यात औषध आणायला जातो, कारण इथल्या रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही धास्ती. त्यात त्याची दिवसभराची मजुरी बुडते. मजुरी बुडणार म्हणून एखादा महिना तो जातच नाही. एस.टी.च्या भाड्यात सवलत आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरपुढे कार्ड काढावे लागते. ज्याने कोणी ही सवलत दिली त्याचा हेतू चांगलाच होता. पण ज्याला ती हवी आहे तो माणूस त्या गाडीत कसा बसलेला असतो, याचा विचार मागे राहिला.

पत्रलेखकाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. औषध सरकार देते. पण ते औषध रोज तोंडात पडावे यासाठी निदान एका माणसाला तरी ते माहीत असावे लागते. ज्या रुग्णाच्या बाजूने असा एकजण उभा आहे, मग ती बायको असो, भाऊ असो वा शेजारीण, तो सहसा औषध सोडत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि ज्याला घरचे कोणीच नाही, त्याच्यासाठी बाहेरचे कोणीतरी लागते.

सांगलीच्या बायकांनी काय केले

हे बाहेरचे 'कोणीतरी' कोण असावे, याचा धडा महाराष्ट्रात एका ठिकाणी फार लवकर गिरवला गेला. सांगलीत १९९२ साली मीना शेषू यांनी 'संग्राम' संस्थेमार्फत धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीत काम सुरू केले. तेव्हा औषध नव्हते, हाती होता तो फक्त निरोध. तो वाटायला बाहेरची साहेब मंडळी न पाठवता वस्तीतल्या बायकांनीच ते काम अंगावर घेतले. पुढे १९९६ साली या बायकांनी आपली स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली.

यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. निरोध वापरण्याचा उपदेश कोणीही करू शकतो. पण गिऱ्हाईक "जादा पैसे देतो, निरोध नको" म्हणाले तर एकटी बाई काय करणार? ती नाही म्हणाली तर ते शेजारच्या दारात जाईल. गल्लीतल्या सगळ्याच बायका नाही म्हणू लागल्या तरच तिच्या 'नाही'ला वजन येते. हे काम भित्तीपत्रकाने होत नाही, डॉक्टरच्या भाषणाने तर नाहीच नाही. त्यासाठी आपसात विश्वास लागतो. आज सरकारी कार्यक्रमात धंदा करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी जे प्रकल्प चालतात, त्यांत त्याच समूहातली माणसे 'पिअर' म्हणून नेमतात, ती याच कारणासाठी.

औषध घेणाऱ्यांच्या बाबतीतही तेच सूत्र लागू पडले. २०१३ पासून 'विहान' या नावाने काळजी व आधार केंद्रे सुरू झाली, आणि त्यांत स्वतः एच.आय.व्ही.सह जगणारी माणसे काम करू लागली. ए.आर.टी. केंद्रात ज्याची तारीख चुकली त्याला शोधणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम. घरी जायचे, पण शेजाऱ्यांना काही कळता कामा नये. आधी फोन करतात. घरी नको असेल तर बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवर भेटतात. आणि मग जो स्वतः अनेक वर्षे तीच गोळी घेतो आहे तो समोर बसून सांगतो, "मलाही सुरुवातीला गरगरायचं, बंद करावं वाटायचं." माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्यापेक्षा त्या एका वाक्याचा गुण अधिक येतो, हे मी पाहिले आहे.

लहान मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. आईबाप गेले आणि नातेवाइकांनी दार लावून घेतले, अशी मुले पंढरपूरच्या 'पालवी'ने आणि लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या 'सेवालया'ने सांभाळली. जन्मतःच बाधित झालेली त्या काळातली कित्येक मुले आज विशी-पंचविशीत आहेत, नोकरीचा आणि लग्नाचा विचार करीत आहेत. अशी मुले लहानपणीच जातात, असेच आम्ही एकेकाळी धरून चालत होतो.

तपासणी आणि कायदा

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, तसेच बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत तपासणी व समुपदेशन केंद्र असते. तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. एका तपासणीवर कोणाला बाधित ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन तपासण्या जुळाव्या लागतात. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर पहिला निकाल निर्दोष आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. प्रत्येक गरोदर स्त्रीने पहिल्या भेटीतच ही तपासणी करून घ्यावी. कसलाही उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, औषधाने ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. बलात्कार झाला, वापरलेली सुई टोचली असा प्रसंग आला, तर ७२ तासांच्या आत, आणि खरे तर पहिल्या काही तासांतच, सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते.

एच.आय.व्ही.-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपल्या पेपरच्या वाचकांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असावा. संमतीशिवाय कोणाची तपासणी करता येत नाही. कोणाचा निकाल इतरांना सांगता येत नाही, गुप्तता मोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कारणावरून नोकरीतून काढता येत नाही, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. यातले एक कलम वाचून मी थोडा वेळ थांबलो होतो : बारा ते अठरा वर्षांचे समंजस भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेशाला, बँकेच्या खात्याला किंवा औषधोपचाराला सही करू शकते. हे कलम ज्याने लिहिले त्याला अशी घरे ठाऊक असली पाहिजेत.

कायदा असला तरी तो वापरावा लागतो. माझ्या एका रुग्णाची हर्नियाची शस्त्रक्रिया एका खाजगी दवाखान्याने आदल्या दिवशी 'यंत्र बिघडले' म्हणून रद्द केली. यंत्र रक्ताचा रिपोर्ट आल्यावरच बिघडले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी जी काळजी घ्यायची असते ती प्रत्येकच रुग्णाच्या बाबतीत घ्यायची असते, कारण कोणाच्या अंगात काय आहे हे कपाळावर लिहिलेले नसते. त्याची शस्त्रक्रिया पुढे सिव्हिलमध्ये झाली, आठवड्यात तो कामाला लागला.

शेजारीपाजारी काय करू शकतात, असे काही वाचक विचारतात. कोणाला काय झाले आहे याची चौकशी थांबवली तरी पुष्कळ काम होईल. कोणी विश्वासाने सांगितलेच तर "कुठून झाले?" हा प्रश्न विचारू नये. "औषध सुरू आहे ना? पुढची तारीख कधी?" हे विचारावे. तारखेच्या दिवशी मुलाला सांभाळायला घ्यावे किंवा गाडीवर सोडून यावे. अर्ज भरता येत नसेल त्याला संजय गांधी निराधार योजनेचा आणि मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. त्या अर्जाची वाच्यता मात्र चावडीवर करू नये.

शेवटी, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मुकादमाची गाडी येण्याआधी आपल्या ए.आर.टी. केंद्रात जाऊन कुठे आणि किती महिने जाणार ते सांगा. प्रकृती स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, नाहीतर तिकडच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी मिळते. गोळ्या त्यांच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. कोपीत ओल येते, म्हणून बाटली जमिनीवर ठेवू नका. पुस्तक किंवा कार्ड वेगळ्या पिशवीत ठेवा. गोळ्या हरवल्या किंवा संपत आल्या तर गावी परतेपर्यंत वाट पाहू नका, १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा आणि जवळचे केंद्र कुठे आहे ते विचारून घ्या.