उन्हाळ्याचे चार टप्पे ओळखा

उन्हाळा लागला की आपल्या अकोल्यात सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर पहिली नजर जाते ती पाऱ्यावर. काल ४३ होता की ४४, यावर पानठेल्यापासून कचेरीपर्यंत चर्चा रंगते. मात्र त्या एका आकड्यावरून किती जपायचे हे ठरवू नये, असे मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगतो. एक तर तो आकडा सावलीतला असतो. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. शेतात किंवा डांबरी रस्त्यावर उभ्या माणसाला त्याहून अधिक ताप सोसावा लागतो.

आपले गाव समुद्रापासून दूर. जमीन लवकर तापते व लवकर निवते. म्हणून जानेवारीच्या पहाटे आपण शेकोटी शोधतो आणि मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी ४२ अंशांच्या घरात जातो. या फरकाशी शरीराला जुळवून घ्यावे लागते. त्या दृष्टीने उन्हाचे चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा मार्च-एप्रिलचा. उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठही कमी जाते. सवय नसताना मार्चमधले ४० अंश हे मे महिन्यातील ४२ पेक्षा जास्त बाधू शकतात. हवामान खातेही मैदानी भागात पारा किमान ४० आणि नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानते. म्हणून नवीन मजुराने पहिल्या दिवशीच पूर्ण काम अंगावर घेऊ नये. लग्नासाठी थंड गावाहून आलेल्या पाहुण्यांनाही भर दुपारी वरातीत नाचवू नये.

दुसरा टप्पा मे महिना आणि नवतपा. हवा कोरडी असल्याने घाम येताच वाळतो व किती पाणी गेले ते कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घेत राहावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. याच दिवसांत पाऱ्याचा दुसरा आकडा, म्हणजे रात्रीचे किमान तापमान, जरूर पाहावा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो. रात्री पारा ३० च्या खाली उतरत नसेल, तर शरीराला विसावा मिळत नाही. वृद्धांना, हृदयरोग्यांना याचा त्रास अधिक होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. अशा रुग्णांनी गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे, मिठाबाबतही विचारावे.

तिसरा टप्पा जूनचा. पारा ३८ वर आला की आपण निर्धास्त होतो. पण आता हवेत ओलावा असतो, घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. कूलरही मग ओलावाच वाढवतो. अशा वेळी त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

चौथा टप्पा ऑक्टोबरचा. पाऊस गेलेला, आकाश निरभ्र, जमीन ओली. याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी असते. चार महिन्यांत उन्हाची सवय मोडलेली असते, म्हणून शेतमजुरांनी दुपारी सावलीत थांबावे.

आता सर्वात महत्त्वाचे. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली सूचना. रुग्णाला सावलीत न्यावे व थोडे थोडे पाणी द्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणीही चालते. चमचा चहाचा असावा. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडेच असेल असे नाही, कष्ट करणाऱ्याचे अंग घामाने भिजलेलेही असते. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे.

खिशातल्या कांद्याबद्दल अनेक जण मला विचारतात. कांदा अवश्य ठेवा, नंतर भाकरीबरोबर खाता येईल. पण उन्हापासून वाचवील तो डोक्यावरचा ओला दुपट्टा, हातातली पाण्याची बाटली आणि दुपारी बारा ते चार घेतलेली सावली.