पेढीवरील लॅपटॉप : आटोपशीर की मोठा?

व्यापाराची साधने काळानुसार बदलतात, परंतु साधन निवडण्याची कसोटी बदलत नाही. आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर सर्व वह्या एकाच आकाराच्या नसत. रोजमेळ व खतावणी या लांबरुंद, जाड बांधणीच्या वह्या गादीपुढील मेजावरून सहसा हलत नसत. वसुलीस अथवा बाजारास निघताना मात्र खिशात मावेल अशी टिपणवही बरोबर असे. सायंकाळी टिपणवहीतील नोंदी रोजमेळात उतरत आणि रोजमेळावरून खतावणी होई. यांपैकी कोणती वही श्रेष्ठ, असा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण प्रत्येकीचे काम ठरलेले होते. आज या साऱ्या वह्यांची जागा लॅपटॉप या एकाच यंत्राने घेतली आहे, आणि म्हणूनच तो आटोपशीर घ्यावा की मोठा, हा प्रश्न आपल्या व्यापारी बंधूंपुढे वारंवार उभा राहतो. त्याचा विचार जाहिरातींच्या आधाराने न करता कामाच्या आधाराने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे महत्त्व

हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हुबळीपासून सुमारे ३० किलोमीटरवर कलघटगी वसले आहे. भात, मका, सोयाबीन व कापूस हा येथील शेतमाल, आणि लाखेच्या रंगांनी नटलेले लाकडी पाळणे ही येथील जुनी ख्याती. अशा गावच्या व्यापाऱ्याचा अर्धा जीव दुकानात आणि अर्धा हुबळी-धारवाडच्या वाटेवर असतो. त्यात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ई-वे बिल लागू झाले, आणि कर्नाटकाने ते त्याच दिवसापासून राज्यांतर्गत वाहतुकीसही लावले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना व्यापाऱ्यांशी होणाऱ्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस अनिवार्य झाले. यास्तव हे यंत्र आता हौसेची वस्तू राहिलेले नाही. ते चुकीचे निवडले तर दंड एकदाच भरून सुटका होत नाही. मुनीमजींचे डोळे, आपली पाठ आणि हिशेबाची अचूकता या तिन्हींवर चार-पाच वर्षे रोज व्याज चढत राहते.

थोडा पूर्वेतिहास

बरोबर नेता येईल असा संगणक प्रथम मोठ्या प्रमाणावर विकला गेला तो १९८१ साली. ऑस्बोर्न वन हे त्याचे नाव. वजन सुमारे ११ किलो, आणि एवढ्या पेटीत पडदा केवळ ५ इंचांचा! पुढे यंत्रे हलकी होत गेली. २००७ साली आसुस कंपनीने ७ इंची पडद्याचा ‘ई पीसी’ बाजारात आणला. तो हातात सहज मावे, किंमतही बेताची होती. परंतु त्या पडद्यावर व त्या बारीक कळांवर दिवसभर काम करणे कठीण होते, आणि काही वर्षांतच तो प्रकार मागे पडला. यावरून दोन धडे मिळतात. नेता येते म्हणून जे नेले जात नाही ते व्यर्थ, आणि नेले तरी ज्यावर काम होत नाही तेही व्यर्थ. हल्लीची निवड या दोन टोकांच्या मध्ये आहे. १३ ते १४ इंची पडद्याचा तो आटोपशीर आणि १५.६ ते १६ इंचांचा तो मोठा, असे ढोबळ मानाने समजावे.

पडद्याचे गणित

पडद्याचा आकार कर्णाने मोजतात, त्यामुळे आकडा फसवा ठरतो. १४ आणि १५.६ यांत दीड इंचाचेच अंतर दिसते. परंतु नेहमीच्या १६ : ९ या प्रमाणाचा १४ इंची पडदा सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद व १७.४ सेंटिमीटर उंच असतो, तर १५.६ इंचांचा ३४.५ रुंद व १९.४ उंच. क्षेत्रफळ पाहता दुसरा पहिल्याच्या जवळजवळ सव्वापट भरतो.

येथे आणखी एक खुबी आहे. दोन्ही पडद्यांवर ठिपक्यांची संख्या बहुधा सारखीच, म्हणजे आडवे १९२० व उभे १०८० असते. म्हणजे लहान पडद्यावर मजकूर तेवढाच मावतो, पण अक्षर बारीक होते. अक्षर वाचनीय करण्यासाठी ते मोठे केले की ओळी कमी दिसतात. ज्यास खात्याच्या चाळीस ओळी एका दृष्टिक्षेपात पाहून चूक हेरावयाची आहे, त्याचा येथे तोटा होतो. यावर मध्यम उपाय म्हणजे १६ : १० प्रमाणाचा पडदा. १४ इंचांतही त्याची उंची जवळजवळ दीड सेंटिमीटर वाढते, आणि खतावणी वाचणाऱ्यास रुंदीपेक्षा उंचीच अधिक उपयोगी पडते. पडदा चकचकीत नसावा. दुकानाच्या दाराकडील उजेड त्यात चमकला की आकडे दिसेनासे होतात.

आकड्यांच्या कळा

बंगळुरूत १९८६ साली जन्मलेल्या टॅली या हिशेबप्रणालीवर आपल्यापैकी बहुतेकांच्या वह्या चालतात. तीत नोंद करणाऱ्याचा उजवा हात सर्वकाळ आकड्यांवर असतो. १५.६ इंची यंत्रांत उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा चौकोन बहुधा असतो. त्यातील ५ या कळेवर बारीक उंचवटा असतो. त्यावर मधले बोट ठेवले की सरावलेला लिहिणारा बिलावरची नजर न काढता रकमा भरीत जातो. आटोपशीर यंत्रात हा चौकोन नसतो. आकडे वरच्या ओळीत शोधावे लागतात, नजर बिल व कळा यांत धावते आणि ५६० चे ६५० होतात. अशी एक अदलाबदल वर्षअखेरीस ताळा जमविताना किती रात्री खाते, हे लिहिणाराच जाणे.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या चौकोनामुळे मोठ्या यंत्रातील अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात, आणि पत्रव्यवहार करणाऱ्यास किंचित तिरके बसावे लागते. शिवाय १६ इंची यंत्रांपैकी काहींत हा चौकोन नसतोच, म्हणून आकारावर विसंबू नये, डोळ्यांनी पाहावे. उलटपक्षी, तारेने जोडावयाचा आकड्यांचा सुटा संच काही शे रुपयांत मिळतो. केवळ या कळांसाठी मोठे यंत्र घेण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

वजन आणि वाट

आटोपशीर यंत्राचे वजन साधारणतः सव्वा ते दीड किलो, आणि मोठ्याचे पावणेदोन ते सव्वादोन किलो असते. चार्जर वेगळा, आणि मोठ्या यंत्राचा तोही जड. एका दिवसाच्या प्रवासात अर्धा-पाऊण किलोचे काय ते ओझे, असे वाटेल. परंतु बसमध्ये मांडीवर पिशवी, दुसऱ्या हातात नमुन्यांची पुडी, अशा अवस्थेत आठवड्यातून चार दिवस हुबळी करणाऱ्यास तो फरक खांद्यावर जाणवतो.

प्रश्न असा की, आपण खरोखर किती दिवस यंत्र घेऊन निघतो? ई-वे बिल आज मोबाइलवरूनही काढता येते. पैसे आले की नाहीत, हेही मोबाइल सांगतो. जुन्या टिपणवहीचे बरेचसे काम त्या खिशातील यंत्राने आधीच उचललेले आहे. यास्तव आमची सूचना अशी की, खरेदीपूर्वी एक महिना दिनदर्शिकेवर खूण करावी : आज यंत्र दुकानाबाहेर लागले का? खुणा चार-पाचच पडल्या, तर हलकेपणासाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ होय. कारण अंतरंग सारखे असता आटोपशीर यंत्र बहुधा महाग पडते.

वीज हा वाटेचाच दुसरा भाग. बॅटरीची शक्ती वॉट-तासांत मोजतात. ५० वॉट-तासांची बॅटरी व यंत्राचा खर्च १० वॉट असेल, तर पाच तास काम होईल. मोठा पडदा उजळण्यास वीज अधिक लागते, आणि दणकट प्रोसेसर त्याहून अधिक ओढतो. म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या तासांपेक्षा वॉट-तासांचा आकडा विचारावा.

यंत्राचे अंतरंग

मोठ्या पेटीत हवा खेळण्यास जागा असते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही जोराचे काम दीर्घकाळ करू शकते. लहान पेटी तापली की आपला वेग आपोआप कमी करते. परंतु हिशेब, विवरणपत्रे व पत्रव्यवहार यांस फार मोठा प्रोसेसर लागत नाही. त्यांस १६ जीबी स्मृती आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. मात्र कित्येक आटोपशीर यंत्रांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असते व मागाहून वाढविता येत नाही, म्हणून ती आरंभीच पुरेशी घ्यावी.

जोडण्यांकडे तर अवश्य पाहावे. विवरणपत्रावर डिजिटल सही करण्याची चावी, बारकोड वाचणारे यंत्र व छपाईयंत्र ही बहुधा जुन्या रुंद तोंडाच्या यूएसबीची असतात. अतिपातळ यंत्रांत ते तोंडच नसेल, तर विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी चावी हातात आणि भोक नाही, अशी अवस्था होते. वापरलेले यंत्र घेणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ न चालणारे यंत्र स्वस्त मिळाले तरी हिशेबासाठी घेऊ नये.

पेढीची वही वाटेवर

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. पूर्वी टिपणवही बसमध्ये हरवली, तर एका दिवसाच्या नोंदी जात. खतावणी पेढीवर सुरक्षित असे. आज जो लॅपटॉप आपण बगलेत घेऊन निघतो, त्यात टिपणवही, रोजमेळ, खतावणी आणि सर्व गिऱ्हाइकांची येणी एकत्र असतात. यंत्र जितके हलके, तितके ते अधिक फिरते, आणि जितके फिरते, तितके हरवण्याचे, पडण्याचे व चोरीचे भय वाढते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि हिशेब संगणकावर असल्यास तो नष्ट झाला तरी पुन्हा उभा करता येईल अशी प्रत राखण्याचेही बंधन आहे.

म्हणून आटोपशीर यंत्र घेणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली : रोज दुकान वाढविताना हिशेबाची एक प्रत पेढीवरील वेगळ्या डिस्कवर आणि आठवड्यास एक प्रत अन्य जागी ठेवावी. दुसरी : विंडोजच्या प्रो आवृत्तीतील बिटलॉकर सुरू करावे, म्हणजे यंत्र परक्याच्या हाती गेले तरी वही उघडणार नाही. त्याची किल्ली कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावी. तिसरी : शक्य असल्यास मूळ हिशेब पेढीवरच्या यंत्रात राहू द्यावा आणि बाहेरून केवळ त्यास जोडून पाहावे. ही तिसरी रीत म्हणजे वाडवडिलांची खतावणी व टिपणवहीची व्यवस्थाच होय.

कोणास कोणते?

जो अडत्या किंवा दुकानदार दिवसभर गादीवर बसतो व ज्याचे यंत्र हलत नाही, त्याने मोठा लॅपटॉप घ्यावा. किंबहुना त्यास मेजावरचा संगणक व यूपीएस हाही कमी खर्चाचा आणि उत्तम मार्ग आहे. लॅपटॉपचा त्यावरील लाभ एवढाच की, वीज गेली तरी बिल अर्धवट राहत नाही.

जो दुकान व हुबळी यांत आठवड्यातून तीन-चार दिवस फिरतो, त्याने १४ इंची यंत्र घ्यावे, आणि पेढीवर २४ इंची वेगळा पडदा, साधा कळफलक व आकड्यांच्या कळा कायम ठेवाव्यात. २४ इंची पडदा १४ इंचीच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळाचा असतो. वाटेवर हलके आणि पेढीवर प्रशस्त, असे दोन्ही गुण त्यात साधतात. मोठा लॅपटॉप घेऊनही हा लाभ मिळत नाही.

ज्या पेढीवर हिशेब मुनीमजी लिहितात आणि मालक फिरतो, तेथे एकाच यंत्रावर दोघांनी भागवू नये. मुनीमजींस मोठा पडदा द्यावा, मालकाने लहान यंत्र घ्यावे. मालकाच्या सोयीसाठी घेतलेल्या लहान पडद्यावर पन्नाशीच्या मुनीमजींनी दिवसाचे आठ तास डोळे ताणावेत, हे न्यायाचे नव्हे आणि व्यवहाराचेही नव्हे.

यंत्र कोणतेही असो, लॅपटॉपचा पडदा व कळा एकत्र जोडलेल्या असल्यामुळे मान किंवा हात यांपैकी एकास त्रास होतोच. दीर्घकाळ बसणाऱ्याने यंत्र घडवंचीवर उंच ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कळफलक निराळा वापरावा. गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावे.

तात्पर्य

दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : यंत्र महिन्यातून किती दिवस बाहेर जाते? त्यावर रोज किती तास व कोण बसते? कोणकोणत्या वस्तू त्यास जोडाव्या लागतात? आणि ते आज सायंकाळी हरवले, तर उद्या सकाळी वही कोठून उघडणार? मग दुकानात जाताना आपल्याच हिशेबाचे एक पान बरोबर न्यावे, तेथील यंत्रावर दहा नोंदी करून पाहाव्यात, आणि हमीपत्रातील जागेवर येऊन दुरुस्तीची सोय आपल्या गावापर्यंत पोचते की हुबळीपाशीच थांबते, हेही विचारून घ्यावे.

लहान यंत्राने व्यापारी चपळ होत नाही आणि मोठ्याने थोर होत नाही. ज्या यंत्रावर लिहिणाऱ्याचा डोळा शिणत नाही, आकडा चुकत नाही आणि वही सुरक्षित राहते, तेच त्या पेढीच्या मापाचे यंत्र होय.