वळीव मागच्या दाराने येतो

कोकणात घर शाकारायची वेळ ठरलेली असते: मे महिन्याचा शेवट. आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या, चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसले, की गडीमाणसं मोकळी होतात. मग मृगाच्या आत कौलं परतून घ्यायची. आमच्या वाडीत सगळ्यांचं असंच चालत आलं आणि बहुतेक वर्षं निभावलंही. २०२५ साली मात्र मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात उतरला. त्याच्या आधीच अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे किनाऱ्यावर धो धो पाऊस लागला होता. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं मागचं पाखं तेव्हा उघडं होतं. कौलं खळ्यात रचलेली, रिपा निम्म्या बदललेल्या. वर टाकलेली ताडपत्री वाऱ्याने अशी उचलली की तिचा एक कोपरा फणसाच्या फांदीला जाऊन अडकला. मेन स्विच पाडून आम्ही काळोखात माळ्यावरची भाताची पोती खाली ओढली. तळातली दोन राहिली ती राहिलीच. पुढे पाऊस हटेना, ऊन मिळेना, आणि त्या भाताला पोत्यातच मोड आले.

तेव्हापासून मोठं काम शिमग्यानंतर लगेच काढतो. पालखीसाठी आलेली घरची मुलं दोन दिवस जास्त राहिली तर कौलं उतरवायला हात मिळतात आणि आंब्याची खरी घाई अजून सुरू व्हायची असते. लोक म्हणतात, मार्चमध्ये शाकारलं तर मेपर्यंत वानरं पुन्हा फोडणार. फोडतातच. पण सगळं पाखं उघडं असताना पावसात सापडण्यापेक्षा मेमध्ये शिडी लावून दहा कौलं बदलणं केव्हाही परवडतं.

दुसरी गोष्ट दिशेची. आपण झडी बांधतो त्या पश्चिमेला, कारण आषाढातला वारा समुद्राकडून येतो. वळीव बहुधा सह्याद्रीकडून येतो. दिवसभराच्या काहिलीने घाटमाथ्यावर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडत खाली उतरतात. म्हणजे पहिला मारा परसदारी, जिथे आपण काहीच बांधलेलं नसतं. तिथेच लाकडं, शेणी आणि पंपाची पेटी. आमच्याकडे मीटरही मागच्याच भिंतीवर होता. तो पुढच्या पडवीत हलवून घ्यायला अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, पण करून घेतला. मागची झडी एप्रिलमध्येच बांधावी, पुढची सावकाश बांधली तरी चालते.

कौलांवर चढायच्या आधी झाडं बघा. घरावर झुकलेली फांदी आणि माडाची सुकलेली झावळं आधी उतरवा, नाहीतर नवं कौल बसवून त्याच्यावरच नारळ पाडून घ्याल. मग पन्हळ. दोन पाखी मिळतात त्या कोनातल्या पत्र्यात आंब्याचा पाला कुजून चिखल झालेला असतो. पाणी तिथे तुंबलं की कौलाखाली उलटं शिरतं, आणि लोक मात्र वर फुटकं कौल शोधत बसतात.

फुटकं कौल शोधायचं ते माळ्यावरून. भर दुपारी दारं-खिडक्या लावून वर जायचं आणि जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालून खडूने खूण करायची. मात्र थेंब पडतो त्याच्या नेमकं वर भोक असतंच असं नाही. पाणी वाशावरून ओघळत हातभर खाली येऊन टपकतं, म्हणून वाशावरचा काळा डाग चढाकडे माग काढत बघावा. केसाएवढी चीर उजेडात दिसत नाही. त्यासाठी कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने ठोकायचं. चांगलं कौल खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं.

आणि हो, जुनी कौलं टाकून देऊ नका. आम्ही बाजारातून नवी मंगलोरी कौलं आणली, तर शाकारणाऱ्या काकांनी एक उलटं करून मागचा छाप दाखवला. ‘‘हा वेगळ्या कारखान्याचा. तुमच्या कौलाच्या खाचेत बसायचा नाही.’’ बसवून पाहिलं, तर मध्ये बोटभर फट. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस नेमका तिथून आत येतो. मोडलेल्या गोठ्याची किंवा शेजारच्या पडक्या घराची त्याच छापाची कौलं मिळाली तर मागून ठेवा. पन्नासेक जोत्याशी उभी रचून ठेवलेली बरी.

स्लॅबच्या घरवाल्यांनी निर्धास्त राहू नये. गच्चीवर गळतीरोधक थर द्यायचा तर स्लॅब आतपर्यंत कोरडा हवा. एखादी सर पडून गेल्यावर वरवर सुकलेल्या गच्चीवर दिलेल्या थराला फुगे येतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तो सुटतो. तेही काम एप्रिलच्या उन्हातलं. आधी पाण्याची वाट मोकळी आहे ना ते पाहा. गच्चीत चार बादल्या ओतल्या की कुठे डबकं होतं ते लगेच कळतं.

जमिनीकडे लोक सर्वांत शेवटी वळतात. आमचं घर उतारावर आहे, वरच्या बागेचं पाणी गडग्यातून थेट मागच्या भिंतीवर येतं. भिंत जांभ्याची, जांभा पाणी पितो आणि ओल आत खोलीत हात-दीड हात चढते. भिंतीपासून चार हात लांब आडवा चर खणून तो पऱ्ह्याला जोडला, तेव्हा ओल कमी झाली. पागोळ्या पडतात त्या रेषेवर खडी पसरली आहे, म्हणजे माती उडून भिंतीवर बसत नाही. चर मात्र दर वर्षी उपसावा लागतो. पहिल्या वळवात डोंगरावरचा सगळा पाला त्यातच येतो, तेव्हा पाऊस थांबला की चहाच्या आधी फावडं घेऊन मागे एक फेरी मारायची.